कारागिरी : नाव घासावी कुठे आणि कुठे नाही

गोंदिया जिल्हा तळ्यांचा. नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा आणि गावोगावचे मालगुजारी तलाव. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की लाकडी नाव काठावर घेऊन दुरुस्त करायला चांगला अवधी मिळतो. पॉलिश पेपर आणून सरसकट घासत सुटले की मात्र श्रम वाया जातात.

खरी गुळगुळीत हवी ती नावेची कड आणि वल्ह्याची मूठ. नायलॉनचे जाळे कडेवरून ओढले जाते. तिथे एक कुसळ निघाले तरी जाळ्याचे घर फाटते. तपासायची युक्ती घरातच आहे. जुनी पातळ ओढणी कडेवरून फिरवा, जिथे अडकेल तिथे कुसळ आहे. बोटाने शोधायला गेलात तर ते बोटात शिरते.

आधी खरवडणे, मग घासणे. सांध्यांतले जुने डांबर पॉलिश पेपरात भरते आणि कागद मिनिटात निकामी होतो. ते पटाशीने काढा. पेपर नुसत्या हाताने दाबू नये. बोटांखाली खड्डे पडतात. सपाट जागेसाठी लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. नावेच्या पोटाची गोलाई साधायला दोन फूट लांब, चार इंच रुंद पातळ प्लायवुडची पट्टी घ्या, तिला पेपर चिकटवा, दोन्ही टोकांना मुठी ठोका. ही पट्टी गोलाईबरोबर वाकते, म्हणून उंचवटा तेवढाच कापला जातो. घासण्याआधी पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा ओढून ठेवा. रेघ शिल्लक राहिली, ती जागा खोलगट. विजेचे यंत्र हे काम पटकन करते, खड्डाही तितक्याच पटकन पाडते. नवशिक्याने हातानेच करावे, असे माझे मत.

सुरुवात 60 किंवा 80 नंबरने, नंतर 120, शेवटचे हात रेषांच्या दिशेने. कड आणि मूठ यांवर ओले फडके फिरवून वाळू द्या. दबलेले रवे उभे राहतात, मग 180 नंबरचा हलका हात पुरे.

पाण्याखालचा भाग 80 वरच सोडावा, फार गुळगुळीत लाकडाला रंग धरत नाही. आत पाय ठेवायच्या फळ्याही खरखरीतच बऱ्या. ओल्या फळीवर घसरून तलावात पडणे ही चेष्टा नव्हे.

आता धुळीचे. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 साली नोंदवले आहे. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क घ्या. जुन्या रंगाची नाव असेल तर जास्त जपावे. रंगातल्या शिशावर आपल्याकडे 2017 पासून कडक मर्यादा आली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला बाधते. असा रंग कोरडा घासू नका, वॉटर पेपर घेऊन पाण्याने घासा. काम अंगणात नको, मुले दूर. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत आणि खरवडलेले पापुद्रे चुलीत तर मुळीच टाकू नयेत.