कसब रक्तात असतं म्हणे!

"तुमच्या घरात पूर्वी कोणी सुतारकाम केलंय का?" मँडोलिनसाठी लाकूड आणायला गेलो, तेव्हा वखारीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न. लाकूड कोणतं, जाडी किती, हे नंतर. नाही म्हटल्यावर निकालही लगेच मिळाला : "मग नादी लागू नका. हे कसब रक्तात असावं लागतं."

घरी आलो तर चळवळीतला एक मित्र तयारच होता. "एम.ए. करून हातात पटाशी? आपल्या माणसांनी हातची कामं सोडली ती यासाठी?"

ही दोन वाक्यं एकमेकांविरुद्ध वाटतात, पण ती एकाच विचारातून आलेली आहेत. दोघांच्याही मनात काम जन्माला चिकटलेलं आहे. एक म्हणतो, ज्याचं त्यानेच करावं. दुसऱ्याला भीती, की ते पुन्हा आपल्याला चिकटेल.

आधी रक्ताचं बघू. कोरीव मँडोलिनची वरची फळी वाकवून होत नाही. स्प्रूसचे दोन जाड तुकडे मधोमध जोडायचे आणि गोल पटाशीने, मग छोट्या रंध्याने तासत त्यांना कमान द्यायची. बाहेरून झालं की आतून पोखरायचं. मध्यभागी साधारण 5 मिलिमीटर, कडेकडे 3. आठ तारांचा मिळून ताण 80 किलोच्या आसपास असतो आणि तो ही कमान पेलते. फळी जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ झाली तर बसते.

माझी फळी कडेला एका ठिकाणी 2 मिलिमीटरवर गेली. आतून स्प्रूसची चकती सरसाने चिकटवून सावरावी लागली. असं का झालं? लाकडाच्या रेषांविरुद्ध पटाशी चालवली आणि कॅलिपर लावायचा आळस केला. यात माझ्या आजोबांचा काय संबंध? दुसऱ्या दिवसापासून मोजत गेलो, ती चूक पुन्हा झाली नाही. कारागिराच्या घरातल्या मुलाला लहानपणापासून हत्यारं, लाकूड आणि चूक दाखवणारं माणूस मिळतं. हा वारसा खरा आहे, पण तो संधीचा आहे, रक्ताचा नाही.

इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतल्या कलामाझूत ऑर्विल गिब्सन बुटांच्या दुकानात नोकरी करायचा. कोरीव फळीच्या मँडोलिनचं पेटंट त्याला 1898 मध्ये मिळालं. आपल्या मिरजेच्या सतारी घडवणारे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचं काम आटलं तेव्हा ते सतारीकडे वळले. ज्यांना आज आपण परंपरागत कारागीर म्हणतो, त्यांची पहिली पिढी नवशिकीच होती!

मित्राचा आक्षेप मात्र जड आहे. मेलेली गुरं ओढू नका, असं बाबासाहेबांनी सांगितलं. गावाने लादलेलं, नकार द्यायची सोय नसलेलं काम सोडणं ही मुक्तीच होती. पण 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मधला मुद्दा नीट वाचा : जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. तिथे माणसाचा कल नव्हे, आईबापांची जात काम ठरवते. म्हणजे भांडण हातकामाशी नव्हतं, निवड हिरावून घेण्याशी होतं. आपणही हातकामाला हलकं म्हणू लागलो, तर उतरंड तशीच राहते. आपण फक्त वरच्या पायरीवर जाऊन बसतो. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं, ते कुठल्या घराण्याच्या परवानगीने?

सरकारची दिशा याच्या उलट आहे. 2023 ची पंतप्रधान विश्वकर्मा योजना 18 कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसायांसाठी आहे आणि गुरु-शिष्य परंपरा बळकट करणं हा तिचा जाहीर हेतू आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये, कर्ज 3 लाखांपर्यंत. कारागिराला पैसा मिळावा, याला माझा विरोध नाही. पण न्हाव्याच्या मुलाला न्हाव्याचीच पेटी देणं, याला कौशल्यविकास म्हणायचं की बलुतेदारीचं नूतनीकरण? तमिळनाडूने 2024 मध्ये याच मुद्द्यावर ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. महाराष्ट्रात फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्यांनी हा प्रश्न किती जोरात विचारला?

आणि आपण काय केलं? जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी निघते. त्यातला थोडा भाग बाजूला काढा. विहाराशेजारच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांजवळ एक मजबूत बाक ठेवा. दोन पटाशा, एक रंधा, एक कॅलिपर. येईल त्या मुलाला आणि मुलीला लाकूड द्या, चुकू द्या. वाद्य वाजवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. घडवणारेही होऊ देत, आणि कोणी न झाले तरी तो त्यांचा निर्णय असू दे.

माझं मँडोलिन वाजतं. जाड तारांचा आवाज जरा कोंदट आहे. पुढची फळी थोडी आणखी तासेन. त्यासाठी वखारीत पुन्हा जाणार आहे. या वेळी जाडी विचारा, घराणं नको.

जय भीम.