ज्याचा गळ त्याची विळी

शनिवारी दुपारनंतर मध्यमवर्गीय माणसाला जे झटके येतात, त्यांत मासे गरवण्याचा झटका तसा निरुपद्रवी समजला जातो. पत्ते कुटण्यापेक्षा बरा, दारू ढोसण्यापेक्षा बरा, आणि सोसायटीच्या कमिटीवर निवडून येण्यापेक्षा तर कितीतरी बरा. त्यामुळे या मंडळींना आजवर कुणी फारसं बोललेलं नाही. ते काम आज मी अंगावर घेतो आहे.

आधीच सांगून टाकतो, गळाशी माझं वैर नाही. मी स्वतः वर्षातून दहा-बारा वेळा नेऱ्याला गाढी नदीच्या काठी गळ टाकून बसतो. नेरे म्हणजे पनवेल सोडून माथेरानच्या डोंगराच्या रोखानं निघालं की लागतं ते गाव. कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन ज्या गावाजवळ आहे, तेच. गाढी नदी त्या डोंगराकडूनच उतरते, वाटेत देहरंगच्या धरणात थबकून पनवेलकरांचे हंडे भरते आणि मग पनवेलच्या खाडीला जाऊन मिळते. या काठावर बुचाकडे बघत बसलं की दोन तास कुणी ‘जरा ऐकता का’ म्हणत नाही. हे सुख मासा मिळाला नाही तरी मिळतं. किंबहुना मासा मिळाला नाही तर जास्त वेळ मिळतं.

माझं भांडण आहे ते मासा मिळाल्यानंतरच्या माणसाशी.

हल्ली या बाजूला बंगले झाले आहेत. शुक्रवारी रात्री मुंबई-ठाण्याची मंडळी गाड्या भरभरून इथं ‘विश्रांतीला’ येतात. रविवारी सकाळी घरातला कर्ता पुरुष चौदा खिशांची पँट आणि क्रिकेटच्या पंचाला शोभेल अशी टोपी घालून नदीवर निघतो. हातात परदेशी रॉड, त्याला शिवणयंत्रासारखा आवाज करणारं रीळ, पेटीत रबराचे बेडूक. शेजारी गावातला एखादा पोरगा साध्या काठीला दोरा बांधून, कणकेची गोळी लावून बसलेला असतो. त्याचे चार मासे होईपर्यंत आपल्या साहेबांचा बेडूक झाडाला अडकलेला असतो. पण चिकाटी दांडगी! संध्याकाळपर्यंत वीतवीतभर लांबीचे अकरा मासे जमतात. मग फोटो. माशाला कॅमेऱ्याच्या जवळ धरायचं आणि स्वतः मागं उभं राहायचं, म्हणजे वीतभर मासा हातभर दिसतो, हे शास्त्र या मंडळींना कुणी शिकवावं लागत नाही.

आणि मग, रात्री आठ वाजता, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आरोळी: “अगं, हे बघ काय आणलंय!”

आता त्या ‘अगं’च्या बाजूनं विचार करा. ती बाईही विश्रांतीलाच आलेली असते. तिनं वरण-भाताचा कुकर उतरवून नुकता पदराला हात पुसलेला असतो. तिच्यासमोर येतात ते अकरा निसरडे, खवलेदार, कल्ले हलवणारे, काट्यांनी गच्च भरलेले जीव. विळी तिची, राख तिची, सिंक तुंबलं तर ते तिचं, आणि ‘मीठ जरा कमी पडलं’ हे वाक्यसुद्धा तिलाच. कर्ता पुरुष मात्र ओसरीवर पाहुण्यांना मासा कसा झुंजला ते सांगत असतो. या कथेतला मासा दर पेल्याला इंचभर वाढतो. लग्नात आपण ‘धर्मे च अर्थे च कामे च’ असं म्हणून हिला सोडून पुढं जाणार नाही असं वचन दिलेलं असतं; पण त्यातल्या ‘कामा’त स्वयंपाकघरातलं काम मोडत नाही, असा तमाम नवरेवर्गाचा समज आहे. शेवटी अकरातले पाच मासे तळले जातात, दोन खाल्ले जातात, आणि काटे फार आहेत म्हणून उरलेले कुत्र्यांना मिळतात. ती तेवढी खरी मत्स्यप्रेमी.

म्हणून माझी मागणी एका ओळीची आहे: ज्याचा गळ त्याची विळी. ज्यानं मासा धरला त्यानंच तो साफ करावा, त्यानंच शिजवावा, आणि भांडीही त्यानंच घासावीत. (शेवटचं कलम वाटाघाटीला खुलं आहे.)

यावर पहिला बचाव असा येतो: “आम्हाला जमत नाही हो!” ज्या माणसाला रिळाची सहा बेअरिंगं सुटी करून तेल घालून परत जोडता येतात, त्याला मासा साफ करता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. शेपटीकडून डोक्याकडे खवले काढायचे. कल्ले उपटून टाकायचे. पोटाला उथळ चीर द्यायची. खोल दिलीत तर पित्ताची पिशवी फुटते आणि सगळा मासा कडू होतो. वांब किंवा मरळ असेल तर आधी राख चोळायची, म्हणजे हातातून सटकत नाही. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास असतो, त्यासाठी मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून पंधरा मिनिटं गप्प बसायचं. गप्प बसण्याचा सराव तर नदीवर झालेलाच असतो. मग बारक्या माशांचं कैरी घालून आंबट कालवण करा. जरा मोठा असेल तर चिरा पाडून आगरी मसाला लावा, तांदळाच्या पिठात घोळवा आणि तव्यावर टाका. बरोबर तांदळाची भाकरी. ती थापायला मात्र जन्म जातो. विकत आणलीत तरी मी तक्रार करणार नाही.

दुसरा बचाव जास्त सुशिक्षित असतो. “आम्ही खातच नाही. धरतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. परदेशात असंच करतात.” महशीरसारखा मोलाचा मासा असेल तर तो सोडावाच, आणि बोटाएवढं पिल्लू गळाला लागलं तर तेही. पण त्याची रीत आहे: हात ओले करावेत, आकडा अलगद काढावा आणि क्षणात पाण्यात सोडावा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं चिलखत असतं. कोरड्या हातांनी ते खरवडलं की रोग शिरायला दार उघडं. दहा मिनिटं त्याला उन्हात उंच धरून, पाहुण्यांच्या तिन्ही मोबाइलवर फोटो काढून मग ‘जा बाळा’ म्हणणं ही दया नव्हे. भूक म्हणून जीव घेणं मला समजतं. फोटोसाठी त्याच्या टाळ्यात लोखंड रुतवणं समजत नाही.

तिसरा बचाव अर्थशास्त्राचा. “एवढ्या खर्चात पनवेलच्या बाजारातून जिताडा आला असता!” हे आमच्या बँकेतल्या एका स्नेह्यांचं म्हणणं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. पण मग तोच न्याय गच्चीवरच्या कुंडीतल्या टोमॅटोला लावा. हौसेला हिशेब विचारू नये. मी फक्त एवढंच म्हणतो की हौस एकाची आणि हमाली दुसऱ्याची, असं नको.

आता कुणी म्हणेल, हा नवरा-बायकोचा घरगुती मामला; त्यासाठी एवढा आरडाओरडा कशाला? तर इथंच खरी गोम आहे. विळीवर बसलेला माणूस पुढच्या रविवारी वेगळा गळ टाकतो. अकरा मासे साफ करायला तासभर लागतो, गुडघे धरतात, आणि हाताचा वास सोमवारी ऑफिसात फायलींना लागतो. त्यामुळे पुढच्या खेपेला तीन मासे झाले की तो आपणहून उठतो. लोभावर आळसाइतका जालीम उतारा नाही. सरकारनं प्रत्येक ओढ्यावर मत्स्य-अधिकारी नेमायचा म्हटला तर तिजोरी पुरायची नाही; विळी हा त्यातल्या त्यात स्वस्त अधिकारी. लाच खात नाही, रजेवर जात नाही.

शिवाय विळी माशाचं पोट उघडून दाखवते. जूनमध्ये पहिले जोरदार पाऊस झाले, नदी-ओढे गढूळ होऊन शेतांत पसरले, की मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. हे चढणीचे मासे; रायगडात वलगणीचे म्हणतात. मौजेसाठी चढत नाहीत ते, अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघालेले असतात. अशा माशाचं पोट चिरलं की आत गाभोळी ठासून भरलेली दिसते. म्हणजे आपण एक मासा नव्हे, पुढच्या वर्षीची सगळी वस्ती टोपलीत घालून आणली. ज्यानं मासे पिशवीत कोंबून स्वयंपाकघरात टाकले आणि जो ओसरीवर जाऊन बसला, त्याला हे कधीच दिसत नाही. बायकोला दिसतं, पण तिला विचारतो कोण?

डोंगराकडच्या वाड्यांवरची माणसं पूर्वापार वलगणीचे मासे खात आली आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांची टोपली एका कालवणापुरती, आणि ती रिकामी राहिली तर घरात कोरडा भात. त्यांच्या आड लपून सुटीवरच्या माणसानं बॅटरीचा करंट पाण्यात सोडू नये. करंट मोठा मासा आणि नखाएवढं पिल्लू यांत भेद करत नाही. काही महाभाग तर ब्लीचिंग पावडर ओततात. त्यानं मासे मरतात, अंडी मरतात, मुठे मरतात, आणि तेच पाणी खालच्या अंगाला कुणीतरी गुरांना पाजत असतं. याला मासेमारी म्हणायचं तर घराला आग लावून उंदीर मारण्याला शिकार म्हणायला हवं. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणाऱ्याला दोन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोनशे रुपयांपर्यंत दंड, असा कायदा इंग्रजांनी १८९७ सालीच केला होता. त्या काळचे दोनशे रुपये म्हणजे माणूस पुन्हा नदीच्या वाटेला गेला नसता.

समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. एकसष्ट दिवस. ज्या कोळ्याचं पोट माशावर आहे तो पोटाला चिमटा घेऊन होडी ओढून ठेवतो. आणि ज्याच्या खात्यात दर महिन्याला पगार न चुकता जमा होतो, त्याला दोन महिने गळ खुंटीला टांगून ठेवणं जमू नये? आपल्याच रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात वाळणकोंड आहे. काळ नदीच्या त्या डोहातले महशीर वरदायिनी देवीचे म्हणून राखले आहेत. गावकरी त्यांना हात लावत नाहीत आणि लावू देत नाहीत. तिथं पाटी नाही वाचली तरी चालते, देवी वाचते. दर डोहाला एक देवी मिळणं कठीण, म्हणून आपली अक्कल वापरायची.

आणि फारच खुमखुमी असेल तर बारमाही पाण्यातली चिलापी धरा. हा आफ्रिकेतला पाहुणा १९५२ साली भारतात आणला आणि नंतर आपल्या तलावांतून असा पसरला की यजमानांनाच जागा उरेना. त्याची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात धरून सांभाळते. एवढी सोय असल्यावर लोकसंख्या वाढणारच. चिलापी खाण्यानं देशी माशांवर उपकार होतात आणि काटेही कमी.

गळ हा थोरामोठ्यांचाच छंद आहे, असंही मला ऐकवलं जातं. कबूल. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात ‘मत्स्यविनोद’ म्हणून प्रकरणच आहे: माशांच्या पस्तीसएक जाती, कुणाला कसलं आमिष, दोरा कसा. पण त्याच ग्रंथात मासे कापून, धुऊन कसे रांधावेत तेही आहे. इंग्रजांचा आयझॅक वॉल्टन १६५३ साली गळाचं जगप्रसिद्ध पुस्तक लिहून गेला, त्यानंही मासा धरण्याबरोबर तो शिजवायचा कसा ते सांगितलं. एक राजा, दुसरा लंडनचा दुकानदार. दोघांनाही गळापासून ताटापर्यंतचा रस्ता ठाऊक होता. आपल्या चौदा खिशांच्या पँटवाल्याला तो फक्त ओसरीपर्यंतच ठाऊक असतो.

तेव्हा पुढच्या रविवारी नेऱ्याला जाणार असाल तर तेरा खिशांत काय हवं ते भरा. चौदाव्यात राखेची एक पुडी ठेवा. आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहाल तेव्हा ‘हे बघ काय आणलंय’ म्हणू नका. ‘जरा सरक, विळी कुठंय?’ असं विचारा. बायको आधी तुमच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहील. पाहू द्या.