दुकानाचे दार आणि दुकानदाराचा हात

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील लेकवुड या गावी जॅक फिलिप्स नावाचे गृहस्थ केक तयार करण्याचा व्यवसाय करतात. जुलै २०१२ मध्ये दोन पुरुष त्यांच्या दुकानात आले आणि आपल्या परस्परांतील विवाहाच्या समारंभासाठी केक हवा असल्याचे त्यांनी सांगितले. फिलिप्स यांनी नकार दिला. दुकानातील अन्य कोणताही पदार्थ तुम्हाला आनंदाने देईन, पण समलिंगी विवाहासाठी केक करणे माझ्या ख्रिस्ती श्रद्धेत बसत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. विशेष म्हणजे त्या वेळी खुद्द कोलोरॅडो राज्याच्या लेखीही असा विवाह वैध नव्हता! तरीही राज्याच्या नागरी हक्क आयोगाने फिलिप्स यांना भेदभावाबद्दल दोषी ठरविले, नोकरवर्गाला नवे 'प्रशिक्षण' देण्याचे फर्मान काढले आणि दोन वर्षे दर तिमाहीस अनुपालनाचा अहवाल सादर करण्यास बजावले.

एका ख्रिस्ती हलवायाच्या भांडणाशी आपल्याला काय कर्तव्य, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. कर्तव्य आहे. लक्षावधी हिंदू कुटुंबे आज अमेरिकेत दुकाने, मोटेल, छापखाने, दवाखाने चालवीत आहेत. १९९९ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर तेथील सदर्न बॅप्टिस्ट पंथाच्या धुरिणांनी एक प्रार्थनापुस्तिका काढली होती. नव्वद कोटी हिंदू आशाहीन अंधारात खितपत पडले आहेत, सबब त्यांच्यासाठी प्रार्थना करा, असा तिचा सूर होता. आता कल्पना करा की, अशी पुस्तिका छापून घेण्यासाठी कोणी न्यू जर्सीतील एखाद्या हिंदू छापखान्यात गेला. मालकाने हात जोडून नकार दिला, तर तो त्या ग्राहकाच्या धर्मामुळे केलेला भेदभाव ठरावा काय? ज्या तर्काने कोलोरॅडोच्या आयोगाने फिलिप्स यांना फटकारले, तोच तर्क पुढे रेटला तर या मालकाची सुटका नाही. दिवाळीत आपल्याच देवघराची निंदा आपल्याच यंत्रावर छापण्याची पाळी त्याच्यावर येईल.

पण म्हणून फिलिप्स यांचा जयजयकार करीत सुटावे, असेही नाही. श्रद्धेचे नाव घेऊन दुकानाचे दार बंद करणाऱ्यांचा इतिहास त्याच अमेरिकेत आहे. दक्षिण कॅरोलायनात मॉरिस बेसिंगर नावाचा एक उपाहारगृहमालक होता. आपल्या उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना बसून खाऊ देण्यास त्याने नकार दिला आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा ईश्वरी इच्छेच्या विरुद्ध आहे, असा बचाव न्यायालयात मांडला. १९६८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव पोरकट ठरवून उडवून लावला. याच कायद्याने वंश आणि वर्णाबरोबर धर्म व राष्ट्रीय मूळ यांनाही संरक्षण दिले. उपाहारगृहात आणि हॉटेलात आज हिंदू माणसाला त्याच्या धर्मावरून वा मूळ देशावरून कोणी अडवू शकत नाही, ते या कायद्यामुळे. गुजराती बांधवांनी मोटेलच्या धंद्यात जम बसविला, तेव्हा 'अमेरिकन ओन्ड' अशा पाट्या प्रतिस्पर्ध्यांनी बाहेर टांगल्या होत्या. त्या पाट्यांचा अर्थ समजायला शब्दकोशाची गरज नव्हती.

आणि आपल्याला हे शिकवायला अमेरिका हवी कशाला? रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९३३ साली तेथे अखिल हिंदू उपाहारगृह काढले. आपल्या भेटीस येणाऱ्याने आधी तेथे जाऊन चहा घ्यावा, असा त्यांचा आग्रह असे. धर्म बुडाला म्हणून ओरडणारे सनातनी तेव्हाही होते, आणि तेही श्रद्धेचीच ग्वाही देत होते. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे यांत धर्म, जात, लिंग वा जन्मस्थानावरून मज्जाव करण्यास बंदी घातली. घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले की, 'दुकान' हा शब्द तेथे व्यापक अर्थाने योजला आहे. जो येईल त्याला सेवा देण्यास कोणी बसला असेल, तर ते दुकान. न्हाव्याचे दुकानही त्यात आलेच. रत्नागिरीच्या त्या कपातला चहा ज्यांना आठवतो, त्यांनी आपल्या गल्ल्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला तो कोण, असे विचारून परत पाठवू नये. समलिंगी व्यक्तींनाही हेच लागू आहे. सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जानेवारी २०२३ मधील मुलाखतीत जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला देत अशी माणसे समाजात पूर्वापार आहेत आणि त्यांनाही समाजात स्थान असले पाहिजे, असे सांगितलेच आहे.

मग रेघ कोठे ओढायची? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बऱ्याच अंशी ओढून दाखविली आहे. कॉर्नवॉलमधील एका ख्रिस्ती दांपत्याने आपल्या अतिथिगृहात समलिंगी जोडप्यास एक खोली नाकारली. २०१३ साली ते दांपत्य हरले, आणि हरायलाच हवे होते. खोलीला मत नसते. नाकारला गेला तो माणूस. याउलट बेलफास्टच्या एका बेकरीने समलिंगी विवाहास पाठिंबा द्या, अशी घोषणा केकवर लिहिण्यास नकार दिला. तेथे २०१८ साली पाचही न्यायमूर्तींनी एकमुखाने बेकरीच्या बाजूने कौल दिला. ग्राहक कोणीही असता, तरी ती घोषणा त्यांनी लिहिली नसती. नाकारले गेले ते वाक्य.

अमेरिकेत न्याय इतका सरळ झाला नाही. जून २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने फिलिप्स यांच्या बाजूने निकाल दिला खरा, पण मूळ प्रश्न बाजूला ठेवून. न्यायालयाचा रोष होता आयोगाच्या वर्तनावर. आयोगाच्या एका सदस्याने उघड सुनावणीत धर्मस्वातंत्र्याची सांगड गुलामगिरी आणि ज्यूंच्या हत्याकांडाशी घातली होती. त्याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. समलिंगी संबंधांचा निषेध करणारी बायबलवचने केकवर लिहिण्यास तीन अन्य बेकऱ्यांनी नकार दिला, तेव्हा याच कोलोरॅडो राज्याने त्यांना निर्दोष ठरविले होते. आपल्याला पसंत असलेला नकार म्हणजे विवेक आणि नापसंत असलेला नकार म्हणजे विद्वेष! आपल्याकडील स्वनामधन्य पुरोगाम्यांचे वाचन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सोवळे-ओवळे अपरिचित वाटणार नाही. पुढे जून २०२३ मध्ये त्याच राज्यातील संकेतस्थळे रचणाऱ्या एका स्त्रीच्या खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी स्पष्ट केले की, ज्या आशयाशी सहमती नाही तो निर्माण करण्याची सक्ती शासन करू शकत नाही.

फिलिप्स यांच्या बाजूतील उणीवही सांगितली पाहिजे. केकवर काय लिहायचे, याची चर्चा होण्यापूर्वीच त्यांनी नकार दिला होता. ती चर्चा झाली असती, तर हा खटला बेलफास्टसारखा सुटसुटीत झाला असता. पण त्यांच्या पाठचे शुक्लकाष्ठ संपले नाही. जून २०१७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे प्रकरण सुनावणीस घेतल्याच्या दिवशीच, एका वकील व्यक्तीने त्यांच्याकडे आतून गुलाबी आणि बाहेरून निळा केक मागितला. त्या रंगांत आपल्या लिंगपरिवर्तनाचा अर्थ असल्याचेही सांगितले. केकवर अक्षर एकही नाही. अर्थ मात्र मागणाऱ्याने स्वतःच सांगितलेला. माणूस आणि वाक्य यांतली रेघ येथे धूसर होते, हे मान्य करावे लागते. तरीही तो अर्थ हाताने घडवून दे, असे शासनाने म्हणू नये, असेच मला वाटते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो दावा प्रक्रियेतील त्रुटीवरून फेटाळला. पहिल्या केकला तेव्हा बारा वर्षे लोटली होती, आणि रंगाला वाक्य मानायचे की नाही, याचे उत्तर त्या निकालानेही दिले नाही.