विहारयात्रा की धम्मयात्रा? लडाखला निघालेल्या मित्रांना



एप्रिल लागला की पालघर-बोईसरच्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, यंदा लडाख करायचंय. रूट सांग, खर्च सांग." कोणी तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे, कोणी बँकेत लागलाय, कोणी अजून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. गाडीला पंचशील ध्वज, टाकीवर बाबासाहेबांची सही, आणि मनात हेमिस, ठिकसे, दिस्कितचे मठ. मी एकदा जाऊन आलोय, म्हणून मला विचारतात.

जाऊ नका असं मी कोणालाही सांगत नाही. "समाज उपाशी आणि तुम्ही फिरायला निघालात" असं सुनावणारे काही ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत, मी त्यांच्या बाजूचा नाही. प्रवास हा आपल्यासाठी नुसता शौक कधीच नव्हता. 1934 साली बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे सहलीचा हट्ट धरला. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असं ठरलं. तीसेक माणसं नाशिकमार्गे औरंगाबादकडे निघाली. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी प्रवासाची धूळ धुवायला हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, आणि पाणी बाटवलं म्हणून जमाव शिव्या देत धावून आला. पुढे किल्ला पाहू दिला तो सोबत शिपाई देऊन, वर पाण्याला हात लागू नये म्हणून. हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवलंय. ज्यांच्या आज्या-आजोबांना रस्त्यात पाणी मिळत नव्हतं, त्यांची नातवंडं खारदुंगलावर उभी राहून फोटो काढत असतील तर मला आनंदच आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. तिथे जाऊन आपण पाहतो काय?

हा प्रश्न मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका दगडाने शिकवला. केळवे रोडवरून मुंबईकडे निघालं की सफाळे, वैतरणा, विरार आणि मग नालासोपारा. तिथल्या सोपारा गावात 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूपाचं उत्खनन केलं. लोक त्या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणायचे. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला, जो आता मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो आहे आठव्या शिलालेखाचा. तुकड्यात थोडेच शब्द उरलेत, पण पूर्ण पाठ गिरनारला आणि इतरत्र आहे. त्याचा विषय काय असावा? प्रवास!

अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जायचे, म्हणजे शिकार आणि मौजमजेला. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो स्वतः संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाली. धम्मयात्रेत करायचं काय, तेही सांगितलंय. श्रमण-ब्राह्मणांची आणि वृद्धांची भेट घ्यायची, दान द्यायचं, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी धम्मावर बोलायचं. डोंगर, बर्फ, मूर्ती यांचा उल्लेख नाही. आहेत ती माणसं.

'विहारयात्रा' शब्द वाचून आपल्याला बुद्धविहार आठवतो. इथे त्याचा अर्थ सहल. म्हणजे दहा मठ पाहूनही ती सहलच राहू शकते.

केळव्याच्या माणसाला तर हे वेगळं समजावून सांगायला नको. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या येतात. सुरूच्या बनात फोटो, समुद्रात डुंबणं, घरगुती जेवण, आणि संध्याकाळी परत. जेवण रांधणाऱ्या बाईचं नाव कोणी विचारत नाही. पानवाडीत कोण राबतं, मच्छीचा भाव काय, रिसॉर्टमध्ये झाडू मारणारी पोरं कुठल्या पाड्यावरून येतात, कोणाला पडलेली नसते. पाहुण्यांना आपण किनाऱ्याचा भाग वाटतो. मग लडाखमध्ये आपण कोण असतो? तेच पाहुणे.

मीही तसाच गेलो होतो. मनालीहून लेहला जाताना रस्त्याकडेला डांबर शिजवणारी, तोंडाला फडकं बांधलेली माणसं दिसली. हात दाखवून पुढे गेलो. नंतर कळलं की हिमालयातले हे रस्ते बांधायला झारखंडमधल्या दुमकासारख्या भागातून आदिवासी मजूर पिढ्यानपिढ्या जातात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लडाखला अडकलेल्या अशा साठ मजुरांना त्यांच्या राज्य सरकारने विमानाने रांचीला आणलं, तेव्हा देशाला ते आहेत हे समजलं. ज्या रस्त्याचं आपण कौतुक करतो, तो बांधणाऱ्यांशी मी एक शब्द बोललो नव्हतो.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. लडाखच्या अनुसूचित जमातींच्या यादीत बेडा, मोन आणि गारा ही नावं आहेत. बेडा आणि मोन परंपरेने वाजंत्री, गारा लोहार. त्या बौद्ध समाजातही त्यांना खालचं मानलं गेलं. पंगतीत शेवटची जागा, इतरांशी सोयरीक नाही. ओळखीचं वाटतं ना? वाजवणारा मंगल प्रसंगी हवा, पण शेजारी बसायला नको. यात लडाखी माणसाला हिणवण्याचा हेतू नाही, आपल्याकडे पोटजातीबाहेर लग्न म्हटलं की किती घरांत चेहरे उतरतात ते ठाऊक आहे. मुद्दा एवढाच की मठ आहे म्हणून जात नाही, असं होत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी नुसता बुद्ध दिला नाही, सोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. आणि 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत त्यांनी भिक्खूबद्दल प्रश्न टाकला की बुद्धाला नुसता परिपूर्ण माणूस घडवायचा होता, की समाजाचा सेवक? प्रत्येक मठाच्या दारात आंबेडकरी माणसाने हाच प्रश्न खिशात ठेवून उभं राहावं.

आता माझा प्रस्ताव. लडाखच्या आधी चार दिवसांची एक फेरी करा. डोंगरदऱ्या आहेत, घाट आहेत, मठही आहेत. फक्त आपण त्यांना लेणी म्हणतो.

केळव्याहून सोपारा, तिथून बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरी. शंभरावर लेणी, आणि भिंतींवर दानाचे लेख. त्यातला एक कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराचा आहे. त्याने दान काय दिलं? वाट! डोंगरातल्या भिक्खूंसाठी एका लोहाराने रस्ता करून दिला.

पुढे कल्याण, मुरबाड, माळशेज घाट चढून जुन्नर. वाट वाकडी करून नाणेघाट पाहिलाच पाहिजे. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल याच घाटाने वर जायचा. इथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि त्यात वैदिक यज्ञांची आणि त्यांच्या दक्षिणांची यादी आहे. ती लपवू नका. त्याच राज्यात, त्याच वाटेवर, वरच्या जुन्नरला बौद्ध लेणी कोरली जात होती. तिथल्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेलं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी आहेत. बांबूकाम करणारे म्हणजे आजच्या भाषेत बुरूड. राणीच्या यादीत गायी-घोडे पुरोहितांना गेले. कारागिरांच्या पैशातून मात्र प्रवाशाला सावली आणि पाणी मिळालं. फरक दाखवायला दगड पुरेसा आहे, पदरची भर घालायची गरज नाही.

मग नाशिक, त्रिरश्मी लेणी. तिथे उषवदाताचा लेख वाचा. विणकरांच्या श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, व्याज भिक्खूंच्या चीवरासाठी आणि किरकोळ गरजांसाठी. ब्राह्मणांनाही त्याने भरपूर दान दिलं, तेही लेखात आहे. पण पालघरच्या माणसाने एक नाव शोधावं, डहाणुका. दमणपासून डहाणूपर्यंतच्या नद्यांवर त्याने नावांची फुकट सोय केली होती. जवळच दासक मुगुदासाचं लेणं आहे. दासक म्हणजे मच्छीमार, असा अर्थ अभ्यासकांनी लावलाय. मासे मारणाऱ्याने कुटुंबासह भिक्खूंसाठी लेणं कोरून घेतलं!

आता सांगा, एकवीरेला जाणाऱ्या बसमध्ये कोळीवाड्यातल्या आयाबहिणी बसतात, कार्ल्याच्या चैत्यासमोरून देवळात जातात. लेण्याद्रीला गणपतीसाठी लोक पायऱ्या चढतात ते बौद्ध लेण्यातच. त्रिरश्मीला अजून 'पांडवलेणी' म्हणतात. आपले काही मित्र तिथे भाविकांशी हुज्जत घालतात, व्हिडिओ करतात. नाव आणि इतिहास चुकीचा सांगितला जातो, त्याविरुद्ध पुरातत्त्व खात्याकडे जरूर लढा. पण त्या कोळी मावशीशी भांडून काय मिळणार? तिला मुगुदासाची गोष्ट सांगा. तिच्याच धंद्यातल्या माणसाने हे डोंगर कोरायला हात लावला होता, हे ऐकून ती थांबेल. भांडून दुरावलेला बहुजन परत आणायला दहा वर्षं जातात.

परतीला त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर. पावसाळ्यात इथे दऱ्या पाहायला पर्यटक येतात. 1992-93 मध्ये याच जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं मेली. आजही दिवाळीनंतर इथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. धम्मयात्रेचा शेवटचा मुक्काम इथे करा. एखाद्या आश्रमशाळेत दोन तास पोरांना शिकवा, पाड्यावर बसून रोजगार हमीच्या पैशांचं काय झालं ते विचारा.

1956 साली, आपल्या धम्मदीक्षेच्या वर्षी, वसईजवळ भुईगावला अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात आजारपण, लग्न, जन्म आणि प्रवासाला निघताना लोक करतात त्या मंगलविधींची चर्चा आहे. अशोक म्हणतो, त्यांचं फळ थोडं. खरं धम्ममंगल म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांबाबत संयम, दान. निघताना गाडीला लिंबू-मिरची तर आपण बांधत नाहीच. मग हे मंगल करून निघा.

आणि त्यानंतर लडाखला जा, खुशाल जा. पण या वेळी डांबराच्या धुरातल्या माणसापाशी गाडी थांबवा आणि त्याचं गाव विचारा. मठात दिवा लावून झाला की बाहेर येऊन विचारा, इथे बेडा कुठे राहतात?

जय भीम! नमो बुद्धाय!