इतोसू गुरुजींचे धडे

मंडळी, आपल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा तेच फिरते आहे: कराटे मूळचे आपलेच, बोधिधर्माने चीनला नेले. मला हे पटत नाही. ज्या ग्रंथावर ही कथा उभी आहे तो सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला!

आमचा नातू क्लासमध्ये 'काता' शिकतो, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली. त्यातले पाच 'हेइआन' ओकिनावा बेटावरच्या इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांसाठी बसवले. बराच मसाला जुन्या 'कुसांकू' कातामधला, आणि ते नाव एका चिनी दूताचे मानतात. तेव्हा चीनचा वाटा आहेच.

इतोसूंचे शिष्य फुनाकोशी १९२२ साली तोक्योला गेले. ते स्वतः शाळामास्तर. त्यांनी 'पिनान'चे 'हेइआन' केले (अक्षरे तीच, उच्चार जपानी) आणि पहिल्या दोन धड्यांची अदलाबदल केली, कारण दुसरा सोपा होता. सोप्याकडून कठिणाकडे! डी.एड.ला आम्ही हेच घोकले.

अभ्यासक्रम रचणाऱ्याचे नाव पुसून तिथे आपला झेंडा लावणे मास्तर म्हणून मला खुपते. नातवाच्या क्लासमध्ये फोटो आहे तो फुनाकोशींचा. इतोसू गुरुजींचे नाव त्याने माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकले.