घरातल्या घरात कुलपे

मोबाइल उघडायला एक कुलूप, त्यातले व्हॉट्सअ‍ॅप उघडायला दुसरे, फोटोंना तिसरे, बँकेच्या अ‍ॅपला चौथे आणि साध्या टिपणवहीलाही पाचवे! पूर्वी घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. आता घरातल्या प्रत्येकाच्या, अगदी आठवीतल्या मुलाच्याही खिशात असा एक न दिसणारा जुडगा आहे. जुन्या जुडग्याने धान्याची कोठी आणि दागिन्यांची पेटी सांभाळली जाई. हा नवा जुडगा नेमके काय सांभाळतो आणि कोणापासून सांभाळतो, हा प्रश्न मात्र फारसे कोणी स्वतःला विचारत नाही. रविवारी सगळे घरी असताना तो विचारून पाहावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोबाइलच्या मुख्य कुलपाविषयी माझी तक्रार नाही. ते हवेच. माझे म्हणणे आहे ते आतल्या, एकेका अ‍ॅपला घातलेल्या कुलपांविषयी. त्यांतली बरीचशी काढून टाकावीत असे माझे मत आहे. परंतु ती कोणी काढायची, कोणती काढायची आणि काढल्यानंतर घरातल्यांनी कसे वागायचे, हे ठरवल्याशिवाय काढू नयेत, असेही माझे तितकेच ठाम मत आहे.

आम्हा नाशिककरांना ही गोष्ट वाड्यांच्या उदाहरणाने चटकन समजावी. पंचवटीत, भद्रकालीत किंवा तिवंध्याच्या परिसरात ज्यांचे बालपण गेले त्यांना ते वाडे आठवत असतील. मोठा दरवाजा, त्यात वाकून जाण्यापुरता दिंडी दरवाजा आणि रात्री आतून घातलेला भक्कम अडसर. बाहेरच्या जगासाठी एवढा बंदोबस्त, पण आत शिरले की माजघर, स्वयंपाकघर, देवघर यांना नुसत्या कड्या. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपे बनवायला सुरुवात केली. पुढे त्याच नावाचे लोखंडी कपाट मध्यमवर्गीय घरात आले आणि त्या कपाटातही आतला लहानसा लॉकर आला. तरीही कुलपांची उतरंड तिथेच थांबत असे. कपाटातल्या प्रत्येक साडीला कोणी कुलूप घालत नव्हते.

या वाड्यांची आठवण काढताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. त्या मोकळ्या घरात सुनेला स्वतःचे म्हणावे असे काय होते? माहेरहून आणलेली एक ट्रंक. तिला कुलूप असे आणि किल्ली मंगळसूत्राच्या शेजारी. त्या ट्रंकेत दोन जुनी पत्रे, थोडे साठवलेले पैसे, एखादा फोटो याहून अधिक काही नसेल. पण माहेरची पत्रेसुद्धा आधी दुसऱ्याने फोडून वाचायची अशी रीत ज्या घरांत होती, तिथे ते कुलूप म्हणजे लबाडी नव्हती. श्वास घेण्यापुरती जागा होती. तेव्हा ‘पूर्वी आमच्याकडे काही लपवाछपवी नव्हती’ असे कोणी अभिमानाने सांगू लागले की मला त्या ट्रंकेची आठवण होते.

ती ट्रंक आज मोबाइलमध्ये आली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. म्हणजे उरलेल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांच्या वाट्याला नवऱ्याचा, मुलाचा किंवा घरात सर्वांचा मिळून असलेला फोन येतो. फोन चौघांचा असेल तर मुख्य कुलपाची किल्ली चौघांकडे असणारच. अशा वेळी बहिणीशी किंवा मैत्रिणीशी चाललेल्या बोलण्याला घातलेले लहानसे कुलूप, एवढाच तिचा कोपरा असतो. तो कोपरा ‘घरात कसली आलीयत कुलपे’ असे म्हणून काढून घेण्याचा अधिकार कोणाला नाही.

मग काढायची ती कोणती? माझ्या मते कुलपांचे दोन गट करावेत. चोरासाठी घातलेली आणि घरच्यांसाठी घातलेली.

चोरासाठीचे खरे कुलूप म्हणजे फोनचे मुख्य कुलूप. सिंहस्थात रामकुंडावर किंवा सीबीएसच्या गर्दीत फोन खिशातून गेला, तर कामाला येते ते हेच. त्याच्या जोडीला पैशांच्या व्यवहाराचा पिन असतो. यूपीआयचा चार किंवा सहा आकडी पिन हा अ‍ॅपच्या कुलपाहून वेगळा आहे. अ‍ॅपचे कुलूप काढले तरी नेहमीच्या व्यवहारात हा पिन दिल्याशिवाय खात्यातून पैसे हलत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तरीही बँकेच्या आणि पैशांच्या अ‍ॅपचे कुलूप असू द्यावे. कपाटातला लॉकर तो. फोन हरवलाच तर केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून तो बंद करण्याची सोय २०२३ पासून देशभर झाली आहे. पैसे गेले तर १९३० हा क्रमांक ताबडतोब फिरवावा.

आणखी एक ध्यानात ठेवावे. आजचा चोर कुलूप फोडत बसत नाही. तो फोन करतो, कधी बँकेतला साहेब होतो, कधी पोलीस होतो आणि मालकाच्याच हातून दार उघडून घेतो. पंचवीस अ‍ॅपना कुलपे घातलेला माणूसही आलेला ओटीपी अनोळखी माणसाला वाचून दाखवतो. कुलपे शाबूत आणि घर रिकामे! तेव्हा कुलपांची संख्या वाढली म्हणजे सुरक्षितता वाढली, हा समज सोडून द्यायला हवा.

आता दुसरा गट. घरच्यांसाठी घातलेली कुलपे. यांची सोय कंपन्यांनी हौसेने वाढवत नेली. व्हॉट्सअ‍ॅपला बोटाच्या ठशाचे कुलूप २०१९ साली आले. एकेका संभाषणाला वेगळे कुलूप २०२३ साली. आयफोनवर बरीचशी अ‍ॅप कुलूपबंद करण्याची किंवा दडवून ठेवण्याची सोय २०२४ साली आली. त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये फोनच्या आत दुसरा गुप्त कप्पा करता येऊ लागला. सोय आहे म्हणून आपण कुलूप घालतो आणि घातले कशासाठी ते विसरून जातो.

याचा फटका कुठे बसतो ते आमच्या सोसायटीत पाहायला मिळाले. एका शेजाऱ्यांना पहाटे अर्धांगाचा झटका आला. विम्याचे कार्ड, जुन्या तपासण्यांचे कागद, चालू औषधांची यादी सगळे त्यांच्या मोबाइलमध्ये नीट जपलेले होते. इतके नीट की फोटोंना वेगळा पासवर्ड, कागदपत्रांना वेगळा पासवर्ड. फोनचे मुख्य कुलूप त्यांच्या पत्नीला ठाऊक होते. पुढचे एकही नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांची वाचा गेलेली. मुलगा पुण्याहून येईपर्यंत ती बाई हातात उघडा फोन घेऊन बंद दारांसमोर बसून होती. त्या कागदांत बायकोपासून लपवण्यासारखे काय होते? काहीच नाही. कुलूप सहज घातले गेले होते, एवढेच.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, ज्या अ‍ॅपमधली माहिती आपल्या आजारपणात किंवा आपल्या पश्चात घरच्यांना लागणार आहे, त्याची कुलपे आजच काढावीत. विम्याची कागदपत्रे, औषधांची यादी, मुलांच्या शाळेची माहिती, कुटुंबाचे फोटो ही सगळ्यांची ठेव आहे. रक्तगट आणि जवळच्या माणसाचा क्रमांक तर बहुतेक फोनवर कुलूप न उघडताही दिसेल असा ठेवता येतो. आपल्यानंतर आपल्या खात्याचे काय करायचे हे सांगून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ पासून आणि अ‍ॅपलने २०२१ पासून दिलेली आहे. बँकेतल्या खात्याला आपण वारस नेमतो, मग आयुष्यभराच्या फोटोंना का नेमू नये?

दुसरी सूचना अधिक नाजूक आहे. कुलूप ज्याने घातले त्यानेच ते काढावे. दुसऱ्याने ‘काढ’ म्हणू नये. ‘तुझ्या मनात काही नसेल तर पासवर्ड का?’ हा प्रश्न वरवर प्रेमाचा वाटतो, पण त्यात संशयाचा दर्प असतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. घरातल्या माणसाचे खासगीपण लग्नाच्या अक्षतांबरोबर संपत नाही. जुलै २०२५ मध्ये याच न्यायालयाने पती-पत्नींपैकी एकाने दुसऱ्याचे चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल असा निकाल दिला. मात्र पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत आले असतील तर ते लग्न मोडकळीला आल्याचेच लक्षण, अशा अर्थाचे मतही न्यायालयाने त्यात नोंदवले. पुरावा चालतो, संसार चालत नाही, असे माझ्यासारख्याने त्यातून समजावे.

मुलांच्या बाबतीत काय, असे पालक विचारतील. दहा वर्षांच्या मुलाच्या फोनला गुप्त कप्पा असू नये हे उघड आहे. त्याला फोन देतानाच ते सांगावे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची गोष्ट वेगळी. तिचे कुलूप जबरदस्तीने काढायला लावले तर ती दुसरे, अधिक खोल दडवलेले कुलूप शोधून काढेल, आणि त्या बाबतीत ती आपल्यापेक्षा केव्हाही हुशार असते. अडचणीत सापडली तर आपल्याकडे न येता कोणातरी परक्याकडे जाईल. हा तोटा कुलपाच्या तोट्याहून फार मोठा आहे.

कुलपांचा विषय निघाला की नाशिकहून शिर्डीमार्गे जाणाऱ्या भाविकांना शनिशिंगणापूर आठवतेच. घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत अशी या गावाची ख्याती. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा काढली तीही कुलूप नसलेली शाखा म्हणून गाजली, मात्र रोख रकमेची काळजी बँकेने घेतलीच. २०१५ साली गावात पोलीस ठाणे आले. आणि २०२५ साली त्याच देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून भाविकांचे पैसे उकळल्याचे प्रकरण विधानसभेत गाजले. ज्या गावाने दारांना कुलूप घातले नाही तिथे चोर आला तो मोबाइलच्या वाटेने! मला यातून दिसते ते इतकेच की, दारे उघडी राहिली ती गावाने पाळलेल्या एका नियमामुळे. उघडे आहे म्हणून आत शिरायचे नाही, हा तो नियम. श्रद्धेने पाळला की भीतीने, हा वेगळा प्रश्न.

हाच नियम घरात आणता आला तर कुलपे आपोआप कमी होतील. आजी पोथी वाचत असताना आपण तिच्या चष्म्याच्या घरात हात घालत नाही. मग टेबलावर पडलेल्या बायकोच्या फोनवर एखादा संदेश चमकला की मान का वळते? फोन उघडा असणे म्हणजे वाचायची परवानगी असणे नव्हे. ‘तुझ्या फोनवरून रिक्षा बोलावू का?’ असे विचारून फोन हातात घ्यावा, काम झाले की परत ठेवावा. मुलांनी हे आईवडिलांना करताना पाहिले म्हणजे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

ज्यांना कुलपे काढायची आहेत त्यांच्यासाठी थोडे कामाचे. फोनमधल्याच सोयीने घातलेले कुलूप सेटिंगमधल्या सुरक्षितता किंवा प्रायव्हसीच्या भागात ‘अ‍ॅप लॉक’ या नावाखाली सापडते, आणि जुना पासवर्ड देऊन एकेका अ‍ॅपपुढची खूण काढता येते. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपचे कुलूप त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असते. आयफोनवर अ‍ॅपचे चित्र दाबून धरले की पर्याय दिसतो. सर्वांत सांभाळावे ते बाहेरून उतरवून घेतलेल्या कुलपाच्या अ‍ॅपला. त्यात फोटो दडवलेले असतील तर आधी ते बाहेर काढून घ्यावेत, त्याला दिलेल्या परवानग्या बंद कराव्यात आणि मगच ते अ‍ॅप काढावे. घाईने काढले तर कुलपाबरोबर आतला ऐवजही जाऊ शकतो. फुकटातल्या अशा काही अ‍ॅपना आपल्या पडद्यावरचे सगळे दिसत असते, हेही विसरू नये. पहारेकऱ्यालाच घरातले सगळे बघू द्यायचे, यात कसली आली राखण?

तेव्हा आज दुपारी जेवणे आटोपल्यावर प्रत्येकाने आपापला फोन घेऊन बसावे आणि प्रत्येक कुलपापाशी स्वतःलाच विचारावे, हे कोणासाठी? चोरासाठी असेल तर राहू द्यावे. कोणासाठीच नसेल तर काढून टाकावे. घरातल्या कोणासाठी असेल तर मात्र थोडे थांबावे. कदाचित ते कुलूप राहणेच योग्य असेल. कदाचित ज्याच्यासाठी ते घातले आहे त्याच्याशी अनेक दिवस बोलायचे राहून गेलेले काही असेल. तसे असेल तर आधी ते बोलावे, कुलपाचे मागाहून पाहता येईल.