दुर्बिणीची सोनोग्राफी: कधी, कुणाला?

पातूरचा रुग्ण अकोल्यात दाखल होतो तेव्हा वरच्या पोटातली कळ थेट पाठीत निघालेली असते, ओकाऱ्या थांबत नसतात. रक्तातले लायपेज (स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य) नेहमीच्या तिपटीच्या वर निघाले की स्वादुपिंडाला सूज आली, हे बहुधा पक्के. सलाईन लागते, सोनोग्राफी होते आणि रिपोर्टात अनेकदा लिहून येते : गॅसमुळे पित्तनलिकेचा खालचा भाग दिसला नाही. मग नातेवाईक विचारतात, नागपूरला नेऊन दुर्बिणीची सोनोग्राफी करायची का?

तपासणी चांगलीच आहे. दुर्बीण तोंडातून लहान आतड्याच्या तोंडाशी नेली की तिच्या टोकावरची सोनोग्राफी पित्तनलिकेला खेटून पाहते. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआयत, निसटणारे दोन-तीन मिलिमीटरचे खडे, पित्ताशयातला गाळ इथे सापडतो. खडा नसल्याचे कळले तर ईआरसीपी, म्हणजे दुर्बिणीतून पित्तनलिकेत शिरून खडा काढणे, टळते, आणि हा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. कारण ईआरसीपीनेच काहींना स्वादुपिंडाचा दाह होतो.

पण घाईने काय साधते? खड्यांमुळे झालेला, गंभीर वळण घेईलसा दाह, पण पित्तनलिकेत जंतुसंसर्ग नाही, अशा रुग्णांत तातडीच्या ईआरसीपीचा उपयोग डच डॉक्टरांना २०२० साली दिसला नाही. २०२३ मध्ये त्यांनी आधी दुर्बिणीने खडा-गाळ पाहून मगच ईआरसीपी केली. तरी गंभीर गुंतागुंत आणि मृत्यू कमी झाले नाहीत. त्यात धाप लागलेल्याला गुंगी देण्याची जोखीम वेगळीच. थंडी-ताप आणि कावीळ असेल, तर मात्र गाडी थांबवू नये. तिथे ईआरसीपीच लवकर हवी.

पित्ताशयात खडे दिसत आहेत, नलिका फुगलेली नाही, कावीळ उतरते आहे, अशा सौम्य आजारात दुर्बिणीवर खर्च कशाला? त्याच भरतीत पित्ताशय काढावे. तसे केल्याने पुन्हा भरती होण्याचे किंवा दगावण्याचे प्रमाण १७ वरून ५ टक्क्यांवर आले, हेही डच डॉक्टरांनीच २०१५ मध्ये दाखवले.

राहिला तो रुग्ण, ज्याच्या दाहाचे कारणच सापडत नाही. सुजेत बारीक गाठ लपते, म्हणून काही आठवडे थांबून तपासा, असे शास्त्र सांगते. पण कळ थांबलेला माणूस ऐन सोयाबीनच्या सोंगणीत नागपूरला परत जाईल? मला शंका आहे. तो मोठ्या दवाखान्यात असेलच आणि श्वास ठीक असेल, तर खड्यांपुरती तपासणी सुट्टीआधी उरकावी. वय चाळिशीपुढचे, दारू नाही, खडे नाहीत, तर सूज ओसरल्यावर पुन्हा पाहणे टाळू नये. स्वादुपिंडाचा कर्करोग कधी कधी असाच पहिल्यांदा समोर येतो, आणि पुढची तारीख सुट्टीच्या कार्डावर लिहून देणे हे डॉक्टरांचे काम आहे.